फिरंगांची वंशावळ : न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावरून शस्त्रसंग्रहाचा एक विचार

मुंबई बंदराच्या पूर्वेस, घारापुरीच्या बेटासमोर, उरणच्या परिसरांत न्हावा व शेवा हीं स्थळें आहेत. ज्या जिल्ह्यांत तीं मोडतात त्यास पूर्वीं कुलाबा म्हणत. १९८१ सालापासून त्याचें नांव रायगड झालें. २६ मे १९८९ रोजीं येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, आणि तेव्हांपासून देशाच्या समुद्री व्यापाराचा फार मोठा भाग कंटेनरांत बंद होऊन याच धक्क्यांवरून आंत येतो व बाहेर जातो. परंतु ह्या किनाऱ्यावरून परदेशी मालाची ये-जा होणें ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. बंदराच्या दक्षिणेस करंजें, त्याच्या खालीं चौल-रेवदंडा आणि समोर मुंबई, अशी ही जुन्या बंदरांची रांग आहे. ह्या वाटेनें जे अनेक जिन्नस मराठी मुलखांत आले त्यांपैकीं एकाचा आपल्या इतिहासाशीं निकट संबंध आहे. तो जिन्नस म्हणजे युरोपांत घडलेलें तलवारीचें पातें. त्यासच आपले लोक फिरंग किंवा फिरंगी म्हणत.

जुन्या तलवारी, कट्यारी, बिचवे, जंबिये जमविण्याचा छंद आज पुष्कळांस आहे. कोणी घराण्याच्या अभिमानानें जमवितो, कोणी कारागिरीच्या आवडीनें, तर कोणी निव्वळ हौसेनें. हा छंद इतिहाससंशोधनास उपकारक कीं अपकारक, असा प्रश्न वेळोवेळीं विचारला जातो. प्रस्तुत लेखांत त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न आहे, आणि तें थोडक्यांत असें : शस्त्राचें ऐतिहासिक मोल त्याच्या पोलादांत नसून त्याच्या वंशावळींत असतें. ही वंशावळ जो राखतो तो संग्राहक इतिहासाचा साहाय्यकर्ता होय. जो राखीत नाहीं त्याच्या हातून, त्याची इच्छा नसतांहि, पुरावा नष्ट होतो.

(१)

प्रथम फिरंगेचें स्वरूप पाहूं. पोर्तुगीजांनीं चौल येथें १५२१ सालीं किल्ला बांधण्यास आरंभ केला. करंजा बेटहि पुढें त्यांच्याच अंमलाखालीं होतें; त्यांच्याकडून तें मराठ्यांकडे आलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें घारापुरीसह इंग्रजांकडे राहिलें. म्हणजे ज्या तीन सत्तांच्या हातांतून हा किनारा गेला, त्या तिघींच्याहि हातीं एकाच जातीचीं पातीं असत. १७ व्या शतकाच्या आरंभीं इंग्रज कंपनीनेंहि सुरतेच्या वखारीमार्फत विलायती पातीं विक्रीस आणलीं होतीं. हीं पातीं जर्मनींतील सोलिंगेन, स्पेनमधील टोलेडो व इटलीच्या उत्तर भागांतील गांवें येथें घडत. जर्मन पात्यांस हिंदुस्थानांत ‘अलेमानी’ असेंहि नांव होतें.

बाहेरून येई तें केवळ पातें. मूठ देशी कारागीर बसवी. मराठी फिरंगेची मूठ हाताचा पंजा झांकणारी, परज रुंद, आणि मुठीच्या शेवटास एक लोखंडी दांडी, अशी असते. ह्या दांडीमुळें दुसरा हात लावून जोरानें वार करतां येतो. पातळ पात्यास बळकटी यावी म्हणून मुठीपाशीं दोन्ही अंगांस पोलादी पट्ट्या खिळ्यांनीं जडवीत. देशी जोहरदार पोलादाची धार अप्रतिम असे. पण तसें पातें जोरानें वांकविल्यास तुटण्याचें भय असे. चांगलें युरोपीय पातें वांकवून सोडलें असतां पुन्हां सरळ होई. लांब, सरळ व लवचीक पात्याची ही जी ख्याति, तीमुळेंच त्यास मागणी होती. दांडपट्ट्यासहि अशीं पातीं जोडलेलीं आढळतात. इतकेंच नव्हे, तर फिरंग मोडली असतां तिचा तुकडाहि टाकून देत नसत. दक्षिणेंतील कित्येक कट्यारींचीं पातीं अशा मोडक्या फिरंगांचीं आहेत, हें त्यांवरील पन्हळींवरून व ठशांवरून ओळखतां येतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडे तलवारीच्या पात्याचें शेपूट मुठींत घालून लाखेसारख्या रसानें पक्कें करीत. तो रस तापविला कीं मूठ निघे आणि दुसरी बसवितां येई. यामुळें एकाच तलवारीचे तीन काळ संभवतात : पातें एका काळचें, मूठ दुसऱ्या काळची व म्यान तिसऱ्या काळचें. पातें १७ व्या शतकाचें आहे एवढ्यावरून ती तलवार १७ व्या शतकांत कोणा मराठ्याच्या कंबरेस होती असें सिद्ध होत नाहीं. आणि मूठ अलीकडची आहे एवढ्यावरून पातेंहि अलीकडचें ठरत नाहीं.

पात्यावरील ठशांचीहि हीच कथा आहे. पासाऊ गांवची खूण धांवत्या लांडग्याची. पण ती सोलिंगेनच्या कारागिरांनीं उचलली. आंद्रेया फेरारा या नांवाचा ठसा इतक्या पात्यांवर सांपडतो कीं एका माणसानें तीं सर्व घडविलीं हें अशक्य आहे. तें नांव उत्तम पात्याची ग्वाही म्हणून सर्रास वापरलें गेलें. जिनोवाच्या पात्यांवरील पापणीच्या केंसांसारख्या अर्धगोल खुणेचें अनुकरण तर हिंदुस्थानांतील लोहारांनींहि केलें. तात्पर्य, ठसा हा साक्षीदार आहे, पण एकट्याच्या साक्षीवर निकाल देतां येईल असा नव्हे.

(२)

शस्त्रें जमविणें ही इंग्रजांकडून आलेली चाल आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. अबुल फजल आईन-इ-अकबरींत सांगतो कीं अकबराच्या खास तलवारी तीस असत, त्यांतील एक पाळीनें महालांत जाई, आणि बादशहाच्या वापरांतील प्रत्येक शस्त्रास नांव व दर्जा ठरलेला असे. आपल्याकडे शस्त्रांच्या कोठारास सिलेखाना म्हणत. श्रीशिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग हा स्वतंत्र वर्गच आहे. परकी शब्दांस संस्कृत पर्याय देतांना प्रत्येक हत्यार वेगळें ओळखण्याची व त्यास नेमकें नांव देण्याची जी दृष्टि त्यांत दिसते, तीच संग्राहकाची पहिली विद्या होय.

परंतु सिलेखाना आणि आजचा छंदी संग्रह यांत एक मूलगामी भेद आहे. सिलेखान्यांतील तलवार दप्तराशीं बांधलेली असे. ती कोणाकडून आली, कोणास दिली, नजर म्हणून आली कीं लुटींत मिळाली, याची नोंद कारकुनाच्या हातची असे. शस्त्र व कागद हीं दोन्ही एकाच छपराखालीं राहत. हीं दोन्ही विभक्त झालीं तीं राज्यें गेल्यावर.

१८१८ सालीं पेशवाईचा अंत झाला, आणि १८५७ च्या युद्धानंतर सर्व देशांत निःशस्त्रीकरण सुरू झालें. १८६० चा ३१ वा कायदा व त्यानंतर लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ चा ११ वा कायदा, हे त्याचे टप्पे. ह्या दुसऱ्या कायद्याच्या व्याख्येंत बंदुकांबरोबर तलवारी, खंजीर व भाले यांचाहि अंतर्भाव होता, आणि परवान्यावांचून शस्त्र धारण करून फिरणें हा गुन्हा ठरला. ज्या घरांत तलवार ही नित्याच्या वापराची वस्तु होती, तेथें ती दसऱ्याच्या पूजेपुरती उरली, माळ्यावर गेली, सरकारजमा झाली किंवा लोखंडाच्या भावानें विकली गेली. नेमक्या याच काळांत, हत्यार निरुपयोगी झाल्यामुळें, तें कौतुकाची वस्तु झालें. इंग्रज अधिकाऱ्यांनीं तीं विकत घेतलीं, नजराण्यांत स्वीकारलीं, भिंतींवर टांगलीं आणि जहाजांवर चढवून स्वदेशीं नेलीं. लंडनच्या इंडिया म्यूझियममधील शस्त्रांची विल्ब्रहॅम एगर्टन यानें केलेली सूची १८८० सालीं, म्हणजे शस्त्रबंदीच्या कायद्यानंतर दोनच वर्षांनीं, प्रसिद्ध झाली. ह्या दोन सालांची जवळीक विचार करण्यासारखी आहे. एका बाजूनें शस्त्रें लोकांच्या हातून गेलीं, दुसऱ्या बाजूनें तीं कांचेच्या कपाटांत आलीं. एगर्टनच्या सूचीचा उपयोग आजहि संशोधकांस होतो, हें मान्य केलें पाहिजे. तथापि त्या कपाटांत तलवार पोहोंचली, तिच्याबरोबर तिचें दप्तर पोहोंचलें नाहीं.

(३)

याचा परिणाम काय झाला तें तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिलें उदाहरण भवानी तलवारीचें. १८७५-७६ मध्यें इंग्लंडचा युवराज, पुढील सातवा एडवर्ड, हिंदुस्थानांत आला, त्या वेळीं कोल्हापूरचे चौथे शिवाजी हे वयानें लहान असतां त्यांच्याकडून त्यास एक मौल्यवान तलवार देण्यांत आली. ती आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहांत आहे. तिचें पातें सरळ व युरोपीय असून त्यावर आय. एच. एस. हीं ख्रिस्ती धर्मचिन्हाचीं अक्षरें ठोकलेलीं आहेत. हीच भवानी, असा समज दीर्घकाळ होता. कोल्हापूरच्या परंपरेप्रमाणें ती जगदंबा. दुसरी तलवार सातारच्या राजघराण्याकडे आहे व तीहि भवानी म्हणून पूजिली जाते. पण तिच्यावरील देवनागरी लेखांत राजा शाहूचें नांव आहे. पातें युरोपीय असणें हें श्रीशिवछत्रपतींच्या काळाशीं विसंगत नाहीं, हें वर सांगितलेंच. पण तेवढ्यानें ओळख पटत नाहीं. जेथें लेख आहे तेथें तो एक नांव सांगतो, परंपरा दुसरें सांगते, आणि तिसरा पुरावा, म्हणजे अखंड कागद, हातीं नाहीं. या वादांत दोन्ही बाजूंच्या अभिमानाचा प्रश्न नाहीं. नोंद तुटली कीं पूज्य वस्तूचीहि ओळख वादग्रस्त होते, एवढेंच यावरून घ्यावयाचें.

दुसरें उदाहरण वाघनखांचें. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें ग्रँट डफच्या वंशजानें १९७१ सालीं दिलीं. डफ हा १८१८ नंतर सातारा येथें रेसिडेंट होता. त्या वाघनखांच्या पेटीवर इंग्रजींत मजकूर आहे कीं हीं शिवाजीचीं असून पेशव्यांच्या प्रधानानें डफास दिलीं. म्हणजे येथें वंशावळ आहे, पण ती १९ व्या शतकापाशीं थांबते. त्यामागील दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा दुवा नाहीं. खुद्द त्या संग्रहालयानेंहि अफजलखानाच्या वधाच्या प्रसंगीं वापरलेलीं तीं हींच, असें निश्चित सांगतां येत नाहीं असें म्हटलें आहे. जुलै २०२४ मध्यें तीं तीन वर्षांच्या मुदतीनें महाराष्ट्रांत आलीं व प्रथम सातारा येथें लोकांस दाखविण्यांत आलीं. लोकांनीं केलेला आदर योग्यच. पण आदर आणि प्रमाण यांची गल्लत संशोधकानें करूं नये.

तिसरें उदाहरण याच्या उलट आहे. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडन येथील सदबीजच्या लिलावांत निघालेली एक तलवार महाराष्ट्र शासनानें मध्यस्थामार्फत सुमारें ४७ लक्ष १५ हजार रुपयांस विकत घेतली, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजीं ती मुंबईस आली. मूठ मराठी, पातें युरोपीय, आणि पात्याच्या पाठीवर सोन्यानें उमटविलेला देवनागरी लेख. त्या लेखांत रघोजी भोसले यांचें नांव, सेनासाहेबसुभा हें त्यांचें पद आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघोजी १७५५ सालीं वारले. त्यांच्या बंगाल-ओरिसावरील स्वाऱ्या प्रसिद्ध आहेत. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीनें घेतलेल्या मालमत्तेबरोबर ही तलवार परदेशीं गेली असावी असा तर्क केला जातो. तर्क तो तर्कच; परंतु तो बाजूस ठेवला तरी पात्याची जात, मुठीची घडण, मालकाचें नांव, पद आणि त्या काळीं त्या वस्तूस म्हणत तें नांव, इतक्या गोष्टी तलवार स्वतःच बोलते. जो कागद दप्तरांतून हरवला, त्याचें काम येथें पात्याच्या पाठीवरील एका ओळीनें केलें. ती ओळ मध्यंतरींच्या एखाद्या मालकानें घासून टाकली असती, तर आज ही अनेक फिरंगांपैकीं एक फिरंग ठरली असती.

(४)

हें शेवटचें भय काल्पनिक नव्हे, आणि येथेंच छंदी संग्राहकाची जबाबदारी सुरू होते. दसऱ्यापूर्वीं घरांतील तलवार चिंच, राख किंवा वाळूनें घासून लखलखीत करण्याची रीत पुष्कळ घरांत होती; हल्लीं तेंच काम यंत्रावर होतें. कोफ्तगरीचें सोनें पोलादांत खोल बसविलेलें नसतें. पृष्ठभाग खरवडून त्यावर बारीक तार ठोकून तें उमटविलेलें असतें. दहा वर्षें घासलें कीं अक्षर जातें. त्याच घासण्यानें जोहराची रेघहि जाते व बारीक ठसाहि जातो. गंज चढूं नये म्हणून हलका तेलाचा हात पुरेसा असतो. चकाकी ही संग्रहाची शोभा असेल, पण ती बहुधा पुराव्याची किंमत घेऊनच मिळते.

दुसरी आपत्ति बनावट वस्तूंची. बाजारांत मागणी वाढली कीं नव्या पात्यास जुनी मूठ व जुन्या पात्यास नवा लेख मिळूं लागतो. लेखाची परीक्षा करितांना तीन गोष्टी पाहाव्या. एक, अक्षराच्या खोबणींतील पोलाद आजूबाजूच्या पोलादाइतकेंच जुनें दिसतें कीं आंतून ताजें दिसतें. दुसरी, अक्षराचें वळण त्या काळच्या कागदांशीं व शिलालेखांशीं जुळतें कीं आजच्या छापील अक्षराशीं. तिसरी, पदवी व नांव त्या काळीं ज्या रीतीनें लिहीत त्या रीतीनें आहेत कीं आजच्या आदरार्थी पद्धतीनें. १७ व्या शतकाच्या पात्यावर २० व्या शतकाची भाषा आढळली, तर निराळ्या परीक्षेची गरज उरत नाहीं.

तिसरा प्रश्न कायद्याचा. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ मध्यें अंमलांत आला. त्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचीं धारदार हत्यारें निर्दिष्ट केलीं असून घरगुती, शेतीच्या किंवा धंद्याच्या उपयोगासाठीं केलेलीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. शासनानें ज्या प्रदेशास तसें जाहीर केलें असेल तेथें अशीं हत्यारें बाळगण्यास परवाना लागतो. याखेरीज १९७२ चा पुरावस्तु व कलानिधि कायदा आहे. तो ५ एप्रिल १९७६ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तु खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. वस्तु पुरावस्तु नव्हे असा दाखला भारतीय पुरातत्त्व खात्याकडून मिळाल्यावांचून तिला बंदराचा धक्का ओलांडतां येऊं नये, हा त्याचा आशय.

न्हावा-शेव्याचें बंदर येथें पुन्हां विषयांत येतें. ज्या किनाऱ्यावरून पातीं आंत आलीं व पुढें तलवारी होऊन बाहेर गेलीं, त्याच किनाऱ्यावर आज कस्टमच्या अधिकाऱ्यास हा निवाडा करावा लागतो : पेटींतील तलवार ही नवी हस्तकौशल्याची वस्तु कीं जुनी पुरावस्तु? पातें, मूठ व म्यान यांचे तीन काळ, नकली ठसे, बदललेल्या मुठी, या सर्व अडचणी त्याच्यापुढेंहि असतात. ज्या तलवारीचें वर्णन, मोजमाप व छायाचित्र कोठेंतरी आधीं नोंदलेलें आहे, तिलाच कायदा खरोखर अडवूं शकतो. जिची नोंद नाहीं, ती चोरीस गेली तरी आपली म्हणून मागतां येत नाहीं. म्हणजे संग्राहकाची वही ही संशोधनाची सोय तर आहेच, पण ती वस्तूची राखणहि आहे.

(५)

खासगी संग्राहकांस केवळ दोष देणारा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. वाटण्या होतांना, वाडे पडतांना, जीं हत्यारें भंगारांत गेलीं असतीं तीं ह्याच लोकांनीं वांचविलीं. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास पुणें येथें जुन्या वस्तूंचा जो संग्रह सुरू केला, तो वीस हजारांवर गेला. अकालीं वारलेल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें आणि पुढें सर्व संग्रह राज्याच्या स्वाधीन केला. त्यांत शस्त्रांचा मोठा विभाग आहे. मुंबईच्या संग्रहालयासहि सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या खासगी संग्रहांचा मोठा आधार मिळाला. व्यक्तीच्या छंदाचें समाजाच्या ठेव्यांत रूपांतर होतें तें अशा रीतीनें.

म्हणून संग्राहकांस व जुन्या घराण्यांस आमची विनंति एवढीच कीं प्रत्येक हत्यारास एक पान द्यावें. त्यांत पात्याची लांबी, मुठीपाशीं रुंदी व वजन लिहावें. ठसा किंवा लेख असेल तर त्याचें छायाचित्र घ्यावें व वाचन निराळें लिहावें. पातें, मूठ व म्यान हीं एकत्र सांपडलीं कीं मागाहून जोडलीं, तें सांगावें. वस्तु कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं, कोणत्या सालीं व कोणत्या निमित्तानें मिळाली हें मिळाल्याच्या दिवशींच टिपावें. घरांतील वृद्ध जी हकीकत सांगतील ती त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याचें नांव व तारीख घालून, पण प्रमाण म्हणून नव्हे तर परंपरा म्हणून लिहावी. विक्री झालीच, तर हें पान वस्तूबरोबर जावें व त्याची एक प्रत मागें राहावी.

उरण, पनवेल, चौल व अलिबाग ह्या पट्ट्यांत पोर्तुगीज, आंग्रे, पेशवे व इंग्रज यांच्या पदरीं चाकरी केलेल्या लोकांचीं घराणीं आहेत. बंदर, कारखाने, रस्ते व १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झालेला शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतु यांमुळें ह्या भागाचें रूप झपाट्यानें पालटत आहे. जुनीं घरें पाडलीं जात आहेत व जमिनींबरोबर माळ्यांवरील सामानहि हालत आहे. जी नोंद आज एका दुपारीं होण्यासारखी आहे, ती घर पडल्यावर होणार नाहीं. ज्यांच्या घरीं अशीं हत्यारें असतील त्यांनीं तीं विकावीं किंवा कोणास द्यावीं असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांचें वर्णन व त्यांवरील अक्षरांचीं छायाचित्रें तेवढीं जवळच्या संशोधनसंस्थेकडे पाठवावीं. ह्या किनाऱ्यावर उतरलेल्या फिरंगांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचीं साधनें अशा नोंदींतूनच मिळावयाचीं आहेत.